सोडून गेलेला एक माणूस दाखवा

पंपांच्या कारखान्याचे मॅनेजर, ज्यांना ती काका म्हणे, फोनवर म्हणाले की सरांशी परवाच बोलणं झालंय, यंदा दोन पोरं घेतो, तेव्हा तिला वाटलं, काकांचं आता वय झालं. सर म्हणजे तिचे वडील. शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना नोकरीच्या वाटेला लावणारा विद्यापीठाचा कक्ष त्यांनी जन्मभर चालवला, मग तो तिच्याकडे आला, आणि त्यांना जाऊन आता झाडांनी एकदा पानं टाकून पुन्हा धरली होती. काकांचं बोलणं झालं असेल तर ते मागच्या वर्षीचं. तिने दुरुस्ती केली नाही. 'काका, सर गेले' एवढंच म्हणायचं होतं, पण ते ओठापर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं.

बाबांचा एक दंडक होता, वाईट बातमी फोनवर द्यायची नाही. एखाद्या मुलाला कंपनीने नाकारलं तरी ते त्याला बोलावून घेत, समोर बसवत आणि मग सांगत. तेव्हा त्यांच्या जाण्याची बातमीही एकेका कंपनीत जाऊन, बसून सांगायची, असं तिने ठरवलं होतं. ठरवलं आणि राहून गेलं. विद्यापीठाने सूचनाफलकावर चौकट लावली होती, पण बाहेरगावची माणसं विद्यापीठाचा सूचनाफलक कशाला बघायला येतात.

मग एक दिवस पाणी आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, सरांचा आवाज छान वाटला हो, खोकला अगदी थांबलाय. तिने फोन खाली ठेवला. बाबांचा खोकला शेवटच्या थंडीत सुरू झाला होता. मागच्या वर्षी ज्यांनी फोन केला असेल त्यांना तो ऐकू आला असेल, थांबलेला कुणालाच ऐकू आला नव्हता.

ती बाबांच्या हाताखालीच तयार झाली होती. मुलं तिला ताई म्हणत आणि तिच्या खोलीत कधीही घुसत. बाबांची कामाची पद्धत सगळ्या विद्यापीठात चेष्टेचा विषय होती. कुठल्याही कंपनीत मुलं पाठवायच्या आधी ते स्वतः तिथे जात. साहेबांच्या खोलीत चहा पिऊन परत येत नसत. नवीन मुलगा जिथे बसणार ती खुर्ची दाखवा, म्हणत, आणि दुपारभर त्या खुर्चीत पुस्तक उघडून बसून राहत. उजेड कुठून येतो, पाठीमागे कोण बसतं, प्यायचं पाणी किती लांब आहे, कोण कुणावर हसतं, कोण कुणाच्या पायरवाने गप्प होतं, एवढं बघत. डबा नव्या पोरांबरोबर खात. आणि निघताना साहेबांना एकच गोष्ट मागत: तुमच्याकडून सोडून गेलेला एक माणूस मला दाखवा.

काही साहेब भडकत. जे भडकत त्यांना बाबांच्या हातून मुलगा मिळत नसे. पंपवाल्या काकांनी मात्र लगेच कपाळावर हात मारून घेतला होता आणि समोरच एका जुन्या फोरमनला फोन लावला होता. तो फोरमन काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला, आणि काका मान हलवत 'बरोबर आहे, हेही बरोबर आहे' म्हणत राहिले. त्या दिवसापासून दोघांचं जे जमलं ते शेवटपर्यंत.

बाबा कंपनीला मुलांचं भरमसाट कौतुकही सांगत नसत. ही उशिरा येईल, पण चूक लपवणार नाही. हा हुशार आहे, पण त्याला एकटं बसवू नका, सुकेल. असं सांगत, आणि म्हणून त्यांचा शब्द चाले. ती त्यांना म्हणायची, तुम्ही मुलगी दाखवायला आल्यासारखे दोष आधी कसले सांगता. ते म्हणायचे, लपवून दिलेलं स्थळ परत येतं गं.

बाबा गेल्यानंतरच्या त्या वर्षी तिच्यापुढे जी मुलगी होती तिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, कारण ते दोन मजले खालपर्यंत ऐकू येई. सगळे तिला भोंगा म्हणत. भोंगा हसली की ग्रंथालयातले लोक घड्याळाकडे बघत, कारखान्याची पाळी सुटली की काय म्हणून. डोकं तल्लख, हिशेब तोंडपाठ, पण मुलाखतीला गेली की दुसऱ्याच प्रश्नाला हसे आणि समोरच्यांचे चेहरे बंद होत. वर्षभर नुसते नकार आले. घरी आई एकटी शिवणाच्या मशीनवर, धाकटा भाऊ शाळेत. नकार सांगायला ताईने समोर बसवलं की भोंगाच ताईची समजूत घाले. पण अलीकडे ती हसण्याआधी क्षणभर थांबायला लागली होती, परवानगी मागितल्यासारखी. ते ताईच्या डोळ्यांतून सुटलं नव्हतं.

अशात ती कंपनी आली.

कंपनीच्या वतीने एक बाई आल्या. करडा कोट, करडे केस, बोलणं इतकं मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. आम्हाला यंदा भरपूर मुलं हवीत, म्हणाल्या. कुठल्याही शाखेची चालतील. आमच्याकडे कुणाला नापास करत नाहीत, फक्त शिकवतात. काम काय, तर नाती सांभाळायची. कंपन्यांची आणि त्यांच्या गिऱ्हाइकांची. भोंग्याची मुलाखत त्यांनी त्याच दिवशी घेतली आणि तिला तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. भोंगा जिन्यावरून इतकी हसत खाली आली की शिपाई बाहेर येऊन उभा राहिला.

आता फक्त कक्षाची संमती हवी होती. संमतीखेरीज मुलगा पाठवायचा नाही आणि खुर्चीत बसल्याखेरीज संमती द्यायची नाही, हा बाबांचा रिवाज पुढे विद्यापीठाचाच नियम झाला होता.

"ताई, खुर्चीत बसा नाहीतर टेबलावर बसा," भोंगा म्हणाली, "पण लवकर बसा. आईला मी सांगूनसुद्धा टाकलं."

ताईने बाईंना भेटीचा दिवस विचारला. बाई हसल्या. "सर येऊन गेलेत ना आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीच्या थंडीत. दुपारभर बसले होते. परत येतो म्हणाले होते."

बाबांच्या सगळ्या भेटी तिला ठाऊक होत्या, निदान तसं तिला वाटत होतं. संध्याकाळी तिने आईला विचारलं. आई पालेभाजी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. कुठे गेले होते ते नाही माहीत, म्हणाली, पण थंडीत एकदा घरी आले ते आवाज गमावूनच. घसा पार बसलेला. गरम पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अक्षर बोलले नाहीत. मी म्हटलं, चला, एवढ्या वर्षांत घराला एक दिवस शांतता मिळाली.

मग म्हणाली, "हसले नाहीत गं त्यावर. नुसते माझ्याकडे बघत राहिले. खोकला तेव्हापासूनचा."

कंपनीची इमारत बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे होती. काचेची, स्वच्छ, आजूबाजूला कापलेलं गवत. आत पायाखाली जाड गालिचा. स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकायची आपल्याला किती सवय असते, ते तिथे पाऊल टाकल्यावर तिला कळलं. बाईंनी तिला एका लांबलचक दालनात नेलं. रांगेने टेबलं, मधे छातीएवढ्या उंचीचे आडपडदे आणि प्रत्येक टेबलाशी दोघं. एक जण कानाला यंत्र लावून हळू आवाजात बोलतोय आणि दुसरा त्याच्या शेजारी बसून, आवाज न करता, तेच ओठ हलवतोय.

बाईंनी समजावून सांगितलं. एखादा विक्रेता वर्षानुवर्षं दुकानदारांशी बोलत असतो. तो निवृत्त होतो, नोकरी बदलतो, कधी वारतो. गिऱ्हाइकांना त्या आवाजाची सवय झालेली असते. आवाज तुटला की माणसं तुटतात. म्हणून तो आवाज आम्ही काही काळ चालू ठेवतो. त्याची बोलायची ढब, त्याचे विनोद, तो कुणाच्या मुलीची चौकशी करायचा ते सगळं. हळूहळू नातं नव्या माणसाकडे वळवून देतो. जी संस्था आम्हाला काम देते तिला अर्थातच सगळं माहीत असतं.

"आणि फोनवर पलीकडे असतो त्याला?" तिने विचारलं.

"त्याला बरं वाटतं," बाई म्हणाल्या.

नवीन मुलं आधी जुन्यांच्या शेजारी बसतात. बोलायचं नाही, फक्त ओठ हलवायचे. स्वतःच्या सवयी गळून पडायला वेळ लागतो. कुणाला महिना, कुणाला त्याहून जास्त. त्याला आम्ही मोकळं होणं म्हणतो, असं बाईंनी सांगितलं.

तिने भोंग्याची खुर्ची मागितली आणि तिच्यात बसली. पिशवीतून पुस्तक काढून उघडलं. उजेड चांगला होता, डाव्या हाताने येणारा, डोळ्यांवर न पडणारा. पाणी हाताशी होतं. पाठीमागे भिंत. कुणी कुणावर ओरडत नव्हतं, कुणी कुणाला दबून नव्हतं. इतकी चांगली खुर्ची तिने क्वचित पाहिली होती. ती पान उलटायला विसरून बसली होती आणि काय खटकतंय ते शोधत होती. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं. एवढ्या माणसांच्या दालनात हसणं पुष्कळ ऐकू येत होतं. कुणी दुकानदाराचं जाड हसू हसत होतं, कुणी एखाद्या म्हाताऱ्या नर्सचं. पण फोन संपला की हसू तिथेच संपे, दिवा मालवावा तसं. तोंडावर त्याचा मागमूसही राहत नसे.

डबा तिने नव्या पोरांबरोबर खाल्ला. सगळ्यांनी जागा करून दिली, पाणी पुढे केलं. शेजारच्या मुलीला तिने विचारलं, कॉलेजात तुला काय म्हणायचे? टोपणनाव असेल ना काहीतरी. मुलीने घास हातात धरून ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी चाललं होतं, घरात कुणीतरी एकामागून एक खोल्या उघडून बघावं तसं.

"आठवत नाही असं नाही," ती शेवटी म्हणाली. "पण आता कशाला."

ताई परत खुर्चीत येऊन बसली. पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं. आणि पडद्यापलीकडून तिने ऐकलं, "हं, बोला, बोला. घाई काय आहे?"

मग घसा खाकरल्याचा आवाज. एकदा छोटा, मग एकदा मोठा.

ती उभी राहिली. पलीकडे एक सडपातळ तरुण बसला होता. तिने त्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. कानाला यंत्र, नजर समोरच्या कोऱ्या पडद्यावर, आणि डावा हात गुडघ्यावरून गोल गोल फिरत होता. बाबांचा गुडघा दुखायचा. या मुलाचा दुखण्याचं काही कारण नव्हतं. तो प्रयोगशाळेतल्या बाईंना, त्यांचं नाव घेऊन, सांगत होता की तुम्ही म्हणता तो मुलगा अबोल आहे हे खरं, पण त्याला प्रश्न विचारून बघा, प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून तो अबोल आहे. त्याच्या शेजारी बसलेली मुलगी ओठ हलवत होती. बाबांचं वाक्य एका आवाजात आणि दोन तोंडांत चाललं होतं.

करड्या कोटातल्या बाई तिच्या शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. विद्यापीठाने तुम्हाला सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं. सर गेल्यावर कुलसचिवांनीच हे काम कंपनीला दिलं होतं. कंपन्यांशी सगळी ओळख सरांच्या एकट्याच्या बळावर होती, ती हातची जाईल या धास्तीने. आणि आवाज तर कंपनीकडे होताच. गेल्या वर्षीच्या थंडीत सर खुर्चीत बसले होते तेव्हा बाईंनी त्यांना विनंती केली होती, तुम्ही कंपन्यांशी कसं बोलता ते आमच्या मुलांना जरा दाखवा, शिकतील बिचारी. मुलांना शिकवायचं म्हटल्यावर सर कशाला मागे राहतात. दुपारभर बोलले. कुणाशी काय बोलतो, कुणाची काय चौकशी करतो, नकार कसा पचवतो, सगळं.

"इतक्या मोकळेपणाने आजवर कुणीच दिलं नाही आम्हाला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला. सरांशी बोलायचं असेल तर बोला. घरच्यांना आम्ही नाही म्हणत नाही. मन हलकं होतं.

नाही म्हणायचं असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण ती खुर्चीत बसली आणि बाईंनी दिलेलं यंत्र तिने कानाला लावलं. पडद्याच्या कडेने तरुणाचा खांदा तेवढा दिसत होता. त्याने वळून पाहिलं नाही.

"हं, बोला, बोला."

कानात श्वास ऐकू येत होता, ओळखीचा, जरासा शिट्टी वाजणारा. घरात कुठल्याही खोलीतून तिला तो ओळखता आला असता.

"बाबा," ती म्हणाली.

पलीकडे थोडं थांबणं झालं. घसा खाकरला. "जेवलीस का?"

हे बाबा कुणा कंपनीशी बोलत नसत. हे त्या दुपारी कुणाला शिकवलेलं असणं शक्य नव्हतं. की ती बाबा म्हणाली त्या सुरावरूनच ते पुढे आलं, दिवा लावल्यावर सावली पडावी तसं? तिने टेबलाची कड धरली. तिला विचारायचं होतं, तुम्ही इथे आलात ते सांगितलं का नाही. तिला म्हणायचं होतं, आई अजून तुमची चादर रोज झटकते. पण ती बाबांच्या हाताखाली तयार झालेली होती, आणि खुर्चीत बसून कामाचंच बोलायचं असतं.

"एक मुलगी आहे," ती म्हणाली. "फार मोठ्याने हसते. वर्षभर नकार घेतलेत तिने. घरी गरज आहे. इथे घेताहेत तिला. पाठवू का?"

तरुणाचा खांदा हलला. हात गुडघ्यावरून फिरत असणार.

"खुर्चीत कोण बसलंय? तू का मी?"

"मी."

"मग मला काय विचारतेस?"

असंच म्हणायचे ते. दर वेळी, चिडून नाही, जरा गमतीने. तिने यंत्र काढलं नाही, तशीच उठली आणि बाईंकडे वळली.

"तुमच्याकडून सोडून गेलेला एक माणूस मला दाखवा."

"आमच्याकडून कुणी जात नाही," बाई हसून म्हणाल्या. "सरांनीही अगदी हेच विचारलं होतं."

तेव्हा तिच्या कानात, हळू, बाबांचा आवाज आला. तो तिच्याशी बोलत नव्हता.

"दाखवा ना," तो म्हणाला. "एक तरी माणूस दाखवा."

तरुण उभा राहिला होता. बाईंकडे बघत होता. आवाज साठी उलटलेल्या माणसाचा आणि डोळे पंचविशीतले, भरून आलेले. शेजारच्या मुलीचे ओठ सवयीने हलले. तिच्या ओठांकडे पाहून पलीकडच्या मुलाचे हलले. ताईने पाहिलं, रांगेत एकामागून एक, यंत्र लावलेल्यांचे आणि न लावलेल्यांचे, सगळ्यांचे ओठ तेवढंच वाक्य म्हणत गेले आणि दालनाच्या टोकाशी जाऊन थांबले. आवाज कुठेच झाला नाही. बाईंचं हसू तेवढं पहिल्यांदा जागचं हललं.

कुलसचिवांनी दुसऱ्या दिवशी पुष्कळ बाजू मांडल्या. गेल्या काही महिन्यांत कंपन्यांनी आधी कधी दिल्या नव्हत्या इतक्या जागा दिल्यात. यात फसवलं कुणाला? आणि तुलाच जड जाईल म्हणून तुला सांगितलं नाही. त्यांना बाबांबद्दल खरंच माया होती, म्हणून तिला रागावता आलं नाही. ती एवढंच म्हणाली की जागा सरांच्या आवाजाला मिळाल्या असतील, पण त्या जागी जाऊन बसायचं मुलांना आहे, आणि उद्या मूल सुकलं तर काका कुणाला फोन करणार? प्रत्येक कंपनीत मी जाईन. सांगायचं ते समोर बसून सांगेन. कुलसचिवांनी पेन मिटवून खिशाला लावलं. मग त्यांनी कंपनीचं काम थांबवलं.

भोंगा इतकी सहज ऐकणारी नव्हती. तिला ताईने समोर बसवलं तेव्हाच तिचा चेहरा पडला.

"तुम्हाला काय," ती म्हणाली, "तुमची खुर्ची तुमच्या बाबांनी धरून ठेवली होती."

हे खरंच होतं, आणि ताईने ते तसंच घेतलं. आपण काय पाहिलं ते तिने मीठ-मसाला न लावता सांगितलं. मग म्हणाली, संमती मी देणार नाही. पण माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. तू जाऊन बस. दुपारभर बस आणि एकदा तुझं ते हसू हसून ये. मग भांडू.

भोंगा गेली. परत आली ती दार ढकलून नाही, दारावर टकटक करून. तिने आजवर कधी टकटक केली नव्हती.

"हसले मी," ती म्हणाली. "सगळ्यांनी माना वर केल्या. मला वाटलं, रागावतील. पण कुणी काहीच बोललं नाही, परत कामाला लागले." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "निघताना दारापर्यंत आले आणि मागून कुणीतरी हसलं. माझंच हसू होतं ताई. शेवटी मी श्वास ओढते ना, तोसुद्धा."

त्यानंतर भोंगा बरेच दिवस हसली नाही. ताईने तिला कंपन्यांच्या फेऱ्यांना बरोबर घेतलं. आई म्हणाली, बरं केलंस, एकटीने असल्या बातम्या सांगत फिरू नये. प्रयोगशाळेतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, मग तो खोकला बरा झालेला कोण होता? ताईने तेही सांगितलं. बाई रागावल्या. रागावून झाल्यावर म्हणाल्या, यापुढे तूच फोन करत जा, आणि खोकला आला तर खोक.

पंपांचा कारखाना तिने शेवटी ठेवला होता. तिथे जायला पाय उचलत नव्हता. काका फाटकाशीच उभे होते, तेलाचे हात फडक्याला पुसत. त्यांनी ताईला काही विचारलं नाही. भोंग्याला म्हणाले, पोरी, तू आत जा, चाचणीच्या मशीनपाशी खुर्ची ठेवायला सांगितलीय, बसून बघ. तिथे आवाज एवढा आहे की ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकू येत नाही.

भोंगा आत गेली. काकांनी ताईला आपल्या काचेच्या खोलीत बसवलं आणि चहा पुढे केला.

"तुम्हाला कुणी सांगितलं, हिला घेऊन येतेय म्हणून?" ताईने विचारलं.

"सरांचा फोन होता सकाळी."

कंपनीचं काम बंद होऊन बरेच आठवडे झाले होते. तिने कप खाली ठेवला.

"घाईत होते," काका म्हणाले. "नेहमीच्या नंबरवरून नव्हता. रस्त्यावरून केला असणार, मागे गाड्यांचे आवाज येत होते. म्हणाले, मुलगी येतेय, तिला काहीतरी सांगायचंय, मधे बोलू नकोस. आणि बरोबर एक पोरगी असेल, तिला हसू दे." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मग एक चमत्कारिक बोलले बघ. म्हणाले, तिला सांग, एक माणूस सोडून गेला. आत्ताच. तिला दाखवायचा होता ना, तो मीच. मी म्हटलं, सर, तुम्ही या वयात कसली नोकरी सोडताय? तर हसले. पण ते हसू त्यांचं नव्हतं. एखाद्या तरण्या पोराचं वाटलं."

काचेपलीकडे मशीन सुरू झालं. जमीन हलकीशी थरथरायला लागली. त्या सगळ्या घरघरीच्या वर, आधी एकदा अडखळून, मग पूर्ण, शेवटी श्वास ओढत, भोंग्याचं हसू चढलं. कामगार वळून बघायला लागले. काकांनी चमकून तिकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरही हसू यायला लागलं होतं.

"काका," ताई म्हणाली, "सर गेले. गेल्या वर्षीच गेले."

काकांचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती सुरुवातीपासून सगळं सांगत गेली, थंडीतल्या त्या दुपारपासून, खुर्चीपासून. चहावर साय धरली. काका मधे बोलले नाहीत.